मांडीवरचे पुस्तक
(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी आरंभी चार शब्द बोलावेत असा येथील प्रघात आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी बाईंना पाहिले आहे. परंतु 'ऐकले आहे' असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. आठवड्यातून एकदा, शेवटच्या तासाला, त्या पुस्तक उघडीत आणि वाचू लागत. शब्दार्थ नाहीत, प्रश्नोत्तरे नाहीत, वहीत काही उतरवून घेणे नाही. मी या शाळेत नवा शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा माझा वर्ग त्यांच्या वर्गाशेजारी होता, आणि त्यांचे वाचन सुरू झाले की माझी मुलेही गणित सोडून भिंतीकडे कान लावीत. मी त्यांना कधी रागावलो नाही, कारण मीही तेच करीत असे. बाईंविषयी एवढे पुरे. त्यांना स्वतःविषयीची भाषणे आवडत नसत.

आजचा माझा विषय शाळेचा कमी आणि घराचा अधिक आहे. लहान मुलाला मांडीवर किंवा शेजारी घेऊन मोठ्याने वाचून दाखविणे, एवढ्या साध्या गोष्टीविषयी मला बोलावयाचे आहे. मूल एक वर्षाचे असो की सात वर्षांचे. त्याला स्वतः वाचता येते की नाही हा प्रश्न येथे गौण आहे.

हा विषय बडोद्यात बोलण्याचे एक खास कारण आहे. गायकवाडांच्या काळापासून, म्हणजे पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ, येथे मराठी घरे नांदत आहेत. आपण घरात मराठी बोलतो, रस्त्यावर गुजराती बोलतो, आणि मुले शाळेत इंग्रजी शिकतात. यात तक्रार करण्यासारखे मला काही दिसत नाही. चार भाषांत वाढणारे मूल भाग्यवानच म्हटले पाहिजे. मात्र पालकसभेत गेली कित्येक वर्षे एकच वाक्य ऐकू येते : 'सर, त्याला मराठी समजते, पण वाचता येत नाही.' हे वाक्य आई जितक्या सहजपणे बोलते, तितके ते सहज नाही. त्याचा अर्थ असा की आजीने लिहिलेले पत्र नातवाला वाचता येत नाही, आणि घरातील कपाटभर पुस्तके त्याच्या दृष्टीने नुसते लाकडी सामान झाली आहेत. कपाट एका पिढीत बंद होते. उघडावयाला किती पिढ्या लागतील हे सांगता येत नाही.

अशा मुलाला बाराखडीची वही आणून देणे हा पालकांचा पहिला उपाय असतो. मला तो उलट्या क्रमाचा वाटतो. देवनागरी अक्षरे ही मुले हिंदीच्या तासाला शिकतातच. अडते ते कानापाशी. 'चिमणीची चोच' हे दोनच शब्द घ्या. 'चिमणी'तला च आणि 'चोच'मधला च हे लिहिताना एक आहेत, बोलताना एक नाहीत. तेच 'जीभ' आणि 'जाळे' यांचे. हिंदीतून मराठीकडे आलेले मूल 'चोच' आणि 'जाळे' हिंदीच्या उच्चाराने वाचते, आणि घरातली मोठी माणसे हसतात. एकदा हसले की मूल पुस्तक मिटते. लिपी हा भेद दाखवू शकत नाही. तो फक्त कुणाच्या तरी तोंडून कानी पडावा लागतो, तोही शेकडो वेळा आणि चूक काढण्याच्या हेतूविना. मांडीवर बसून ऐकणाऱ्या मुलाची नजर अक्षरांवर आणि कान आवाजाकडे, अशी जोड आपोआप जुळते. मराठी घराबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून सोपी शाळा सापडणार नाही.

मोठ्याने वाचणे ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. आपल्या घरांत चातुर्मासात पोथी लागत असे. श्रीधरकवींचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' घरातील एक जण वाची आणि भोवती सारे घर बसे. सुपारी कातरणारे आजोबा, वाती वळणारी आजी, झोपाळलेली मुले. श्रावणातल्या कहाण्या तर वाचण्यासाठीच होत्या, आणि त्यातले आटपाट नगर कोठे आहे असे कोणत्याही मुलाने कधी विचारले नाही. एकट्याने, मनातल्या मनात, ओठ न हलविता वाचणे हीच त्या मानाने अलीकडची सवय. पोथी गेली याचे कुणाला धार्मिक कारणासाठी वाईट वाटत असेल. मला वाटते ते निराळ्या कारणासाठी. दिवसातून एकदा सारे घर एकाच आवाजाभोवती बसत असे, ती बैठक पोथीबरोबर उठून गेली, आणि तिच्या जागी आपण दुसरी बैठक मांडली नाही. दूरदर्शन संच मांडला, पण त्याच्यापुढे बसलेली माणसे एकमेकांकडे पाहात नाहीत.

बडोद्याचा आणि वाचनाचा संबंध सांगताना सयाजीराव महाराजांचे नाव टाळता येत नाही. त्यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. १८७५ साली ते दत्तक म्हणून बडोद्यास आले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. बारा वर्षांच्या मुलाला अक्षरओळखीपासून आरंभ करावा लागला. याच राजाने पुढे १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, १९०६ साली ते सर्व संस्थानात लागू केले, आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगावच्या ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग होता, ही गोष्ट त्या काळच्या हिंदुस्थानात नवलाची होती. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. त्या पेट्यांविषयी मी शेवटी पुन्हा बोलणार आहे. सांगावयाचे ते एवढेच की या शहराने पुस्तक माणसाच्या दारापर्यंत नेले. दारापासून मांडीपर्यंतचे अंतर मात्र राज्याला कापता येत नाही. ते घरालाच कापावे लागते.

आपल्याच शेजारी, भावनगरला, गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या या माणसाला लोक कौतुकाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशाळ आई, म्हणत. आजोबांनी आणि वडिलांनी हे विशेषण नीट ऐकावे. त्यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडकांनी हीच दृष्टी मराठीत आणली आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे गरिबांच्या व आदिवासींच्या मुलांपर्यंत नेली. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक दंगेखोर वर्गाला गोष्टीने जिंकतो. गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथच लिहिला, आणि गोष्ट ही प्रथम आनंदासाठी असते, हा त्यांचा आग्रह होता.

येथे मला थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. आपण मराठी माणसे तात्पर्याची फार हौशी. गोष्ट संपते न संपते तोच 'मग यावरून आपण काय शिकलो?' हा प्रश्न येतो. मूल अजून जंगलात असते आणि आपण त्याला परीक्षेच्या बाकावर आणून बसवितो. दोन-चार वेळा असे झाले की मूल हुशार होते. ते गोष्ट ऐकताना तात्पर्य शोधू लागते आणि गोष्ट ऐकणे सोडून देते. अलीकडे तात्पर्याच्या जोडीला दुसरा एक रोग आला आहे. शाळाप्रवेशाच्या मुलाखतीसाठी मुलाला 'वाचून दाखविणारे' पालक मी पाहिले आहेत. त्यांच्या हातातले पुस्तक औषधाच्या बाटलीसारखे दिसते.

प्रश्न मुळीच विचारू नयेत असे मात्र नव्हे. १९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक छोटा प्रयोग केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या काही आईवडिलांना त्यांनी एवढेच शिकविले की वाचताना थांबा, 'हे काय चालले आहे?' असे मोकळेपणाने विचारा, मूल जे बोलेल त्यात भर घाला आणि त्याला अधिक बोलू द्या. केवळ एका महिन्यात ही मुले, नेहमीच्या पद्धतीने ऐकणाऱ्या मुलांपेक्षा, बोलण्यात ठळकपणे पुढे गेली. तात्पर्याचा प्रश्न आणि हा प्रश्न यांत फरक आहे. पहिल्याचे उत्तर मोठ्या माणसाला आधीच ठाऊक असते. दुसऱ्याचे नसते, आणि मुलाला ते बरोबर समजते.

त्याच वर्षी डोनाल्ड हेज यांनी इंग्रजी भाषेपुरती शब्दांची मोजदाद प्रसिद्ध केली. सुशिक्षित प्रौढांच्या आपसातल्या बोलण्यात हजार शब्दांमागे सुमारे १७ कमी प्रचारातले शब्द सापडले, तर मुलांच्या पुस्तकांत ते सुमारे ३१ होते. मराठीची अशी मोजणी मी देऊ शकत नाही, परंतु अनुभव तोच आहे. 'जेवलास का, दप्तर भर, चप्पल घाल' यावर आपला दिवस चालतो. ढोली, पाणवठा, कवडसा, हिरमुसणे हे शब्द घरात कोण कशाला बोलेल? ते पुस्तकातूनच यावयाचे. आणि 'हिरमुसणे' हा शब्द ज्या मुलापाशी आहे, त्याला हिरमुसल्यावर आदळआपट करण्याखेरीज दुसरा मार्ग मोकळा असतो. न्यूयॉर्कच्या ॲलन मेंडेलसन या बालरोगतज्ज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरीब घरांतील पालकांना मुलांबरोबर वाचण्यास आणि खेळण्यास मदत केली होती. त्या मुलांतील आक्रमकपणा आणि अस्थिरता कमी आढळली. मला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते याचे की हे सिद्ध करावे लागले.

आता आपल्या सर्वांच्या आठवणीतली एक गोष्ट सांगतो. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री आपल्या घरांत शिरली. आम्ही तळमजल्यावर राहतो. गादी, धान्य, औषधे वर नेता नेता पाणी उंबऱ्याच्या आत आले आणि आम्ही वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या आश्रयाला गेलो. वीज नव्हती. खालच्या रस्त्याचा ओढा झाला होता, आणि मगरी वस्तीत शिरल्याच्या बातम्या येत होत्या. त्या अफवा नव्हत्या, हे आपण जाणता. माझी पाच वर्षांची नात खिडकीपासून हलेना. रडत नव्हती, बोलत नव्हती. नुसती पाण्याकडे पाहात होती. घाईत तिच्या आईने पिशवीत कोंबलेल्या वस्तूंत पंचतंत्राचे एक चित्रपुस्तक होते. विजेरीच्या उजेडात मी ते वाचू लागलो. तिने पाने उलटून माकड आणि मगरीची गोष्ट काढली. मी मनात म्हटले, आजच्या दिवशी हीच कशाला? सुनेनेही मला डोळ्यांनी खुणावले. पण बोट त्या पानावरून हलेना, म्हणून वाचली.

त्या तीन दिवसांत ती गोष्ट मी किती वेळा वाचली याचा हिशेब राहिला नाही. घरमालकांची दोन मुले आली, जिन्यात आडोसा घेतलेल्या एका कुटुंबातला मुलगा आला. त्याला मराठी येत नव्हते, म्हणून माझी नात मधूनमधून गुजरातीत सांगू लागली. दुसऱ्या दिवशी मगरीचा आवाज काढण्याचे काम तिने माझ्याकडून काढून घेतले. तिसऱ्या दिवशी तिने मला अडवून सांगितले, 'आबा, आता असं वाचा की माकडानं मगरीच्या घरी जांभळाचं झाड लावलं.' मी तसे वाचले. पाणी ओसरल्यावर आमच्या घरात चिखलाशिवाय काही उरले नव्हते, आणि ती कामाला लागलेल्या आईच्या मागे मागे हातात खराटा घेऊन फिरत होती.

गोष्टीने पूर ओसरला नाही, आणि पुराची भीतीही एका गोष्टीने जात नाही. पुढे कितीतरी दिवस पाऊस आला की ती खिडकीशी जात असे. पण भीतीला एक चेहरा मिळाला, आरंभ आणि शेवट मिळाला, आणि तो शेवट बदलण्याचा अधिकार तिला मिळाला. शिवाय ती हे सारे एका ओळखीच्या आवाजाला टेकून करीत होती. आम्ही मोठी माणसेही थोडी सावरलो, हे सांगितले पाहिजे. हातात पुस्तक असले की माणसाला नुकसानीचा हिशेब करता येत नाही.

संकटातून सावरण्याच्या शक्तीविषयी एमी वर्नर या विदुषींचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, आईवडिलांचे आजार यांमुळे ज्यांच्यापुढे मोठे धोके होते, त्यांतील सुमारे एक तृतीयांश मुले तरीही खंबीर, कर्तबगार माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात काय सापडले? निदान एका मोठ्या माणसाशी जडलेले स्थिर, मायेचे नाते. ती आई असेल, आजी असेल, शिक्षिका असेल. दहाव्या वर्षीचे चांगले वाचनकौशल्य हीही त्यांच्या बाजूची एक महत्त्वाची गोष्ट ठरली. वर्नरबाईंनी मांडीवरच्या वाचनाचा प्रयोग केलेला नाही, तेव्हा त्यांच्या नावावर मी माझे मत खपविणार नाही. मी एवढेच म्हणतो की या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी, वीस मिनिटांत साधणारे दुसरे साधन मला माहीत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली आपल्या डॉक्टरांना सांगितले की तान्हेपणापासून मुलांना वाचून दाखविण्याचा सल्ला आईवडिलांना द्या. आपल्या डॉक्टरांनीही लसीच्या कार्डाबरोबर तो द्यावा, अशी या सभेत बसलेल्या माझ्या डॉक्टर विद्यार्थ्यांना सूचना आहे.

'वेळ नाही' ही अडचण खरी आहे आणि मी तिची थट्टा करणार नाही. आपल्या कित्येक घरांत वडील कारखान्यात पाळीने कामाला जातात. रात्रपाळीच्या आठवड्यात बाप आणि मूल एकमेकांना झोपलेलेच पाहतात. अशा एका वडिलांनी मला युक्ती सांगितली. ते कामावर निघण्यापूर्वी मोबाईलवर दोन पाने वाचून ठेवतात. रात्री आई पुस्तक उघडते, आवाज वडिलांचा असतो आणि पाने मूल उलटते. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या तुरुंगातील कैदी बाप आपल्या मुलांसाठी अशाच गोष्टी ध्वनिमुद्रित करू लागले, आणि ते काम पुढे अनेक तुरुंगांत पसरले. तुरुंगातल्या बापाला जे जमते ते आपल्याला जमू नये, असे नाही. मोबाईल येथे शत्रू नाही. मात्र पडद्यावरचे, स्वतःच बोलणारे पुस्तक मुलाच्या हाती देऊन आपण उठून जाणे हा निराळा प्रकार. पडद्यावरच्या पुस्तकाबरोबर आईवडील गोष्टीविषयी कमी आणि यंत्राविषयी अधिक बोलतात, असे २०१९ साली एका अभ्यासात दिसले. 'तिथे दाबू नकोस, पुढे सरकव' हे संवाद आपल्या घरातलेच आहेत.

'मला नीट वाचता येत नाही' असेही सांगितले जाते, बहुधा आया सांगतात, आणि खाली बघून सांगतात. त्यांना मी सांगतो की मुलाला तुमचे वाचन तपासावयाचे नसते. अडखळा, बोट ठेवून वाचा; अडखळणे ही लाजेची गोष्ट नाही हे मुलाला कळणे लाखमोलाचे आहे. मुळीच वाचता येत नसेल तर चित्रांवरून सांगा. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई घरकामे करी, अक्षर ओळखीत नसे. तीच चित्रे पाहून आई रोज निराळी गोष्ट रचीत असे, आणि मुलगी पहिलीत वाचावयाला शिकली तेव्हा तिने आईला पुस्तकातली खरी गोष्ट वाचून दाखविली. आई म्हणाली, 'माझी बरी होती.' मुलीचेही मत तेच पडले.

मूल स्वतः वाचू लागले की बहुतेक घरांत हे वाचन थांबते. थांबवू नका. सात-आठ वर्षांच्या मुलाला कळते ते पुष्कळ, पण स्वतः वाचता येते ते थोडे. त्या अंतरात मोठी पुस्तके आपण वाचून दाखवावीत. 'श्यामची आई' रात्रींमध्ये विभागलेली आहे, ती उगीच नव्हे. वाचताना आपला गळा दाटून आला तर दाटू द्यावा. वाचणारा बापही रडतो हे मुलग्यांनी एकदा पाहिलेले बरे.

पुस्तके कोणती, असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो. माधुरी पुरंदरे यांची मुलांची पुस्तके घ्या. त्यातली घरे खरी आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रपुस्तके स्वस्त असतात. 'चांदोबा' बंद पडला असला तरी जुन्या अंकांचे गठ्ठे आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर आहेत. ते रद्दीत न घालता खाली काढा. 'किशोर'चे जुने अंक संगणकावर विनामूल्य पाहावयास मिळतात. आणि एकच पुस्तक मूल शंभर वेळा मागेल, तेव्हा शंभर वेळा वाचा. कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही.

पेट्यांविषयी बोलेन म्हणालो होतो. विश्वस्त मंडळाने माझी विनंती मान्य करून अशा बारा लाकडी पेट्या करून घेतल्या आहेत. प्रत्येकीत पंधरा पुस्तके आहेत, मराठी आणि गुजराती मिसळून, काही नुसत्या चित्रांची. बालवाडी ते तिसरीच्या कोणत्याही कुटुंबाने एक पेटी महिनाभर घरी न्यावी. माजी विद्यार्थ्यांच्या नातवंडांनाही मोकळीक आहे. अनामत रक्कम नाही. पुस्तकाचे पान फाटले तर डिंकाने चिकटवून आणावे, भरपाई घेतली जाणार नाही. दात उमटलेल्या पुस्तकाबद्दलही काही म्हणणे नाही. पेट्या सभागृहाच्या डाव्या दाराशी, टेबलावर मांडून ठेवल्या आहेत. नोंदवही शिपाईकाकांपाशी आहे.